सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायलेय, लातूर-औसा अप-डाऊनसाठी. ब्रेझा की नेक्सॉन?

तेरणाकाठची | ९ डिसेंबर २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इथं वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढायलेय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. राहायला लातूर, शाळा औशाच्या पुढं. येऊन-जाऊन रोज ५४ किलोमीटर. औशापर्यंत चौपदरी रस्ता आहे, त्याचं काही नाही. शेवटचे सहा किलोमीटर काळ्या रानातला रस्ता, पावसाळ्यात चिखल चाकाला धरला की सोडत नाही. आतापर्यंत काळी-पिवळी आणि पुढं स्कुटी असं चाललं. यंदाच्या सप्टेंबरात दोनदा स्कुटीसकट पडले, तेव्हा घरात ठरलं की आता गाडी.

हॅचबॅक नको, कारण सासऱ्यांचे गुडघे गेलेत. खाली बसायच्या गाडीत ते बसतात, पण उठवायला दोघं लागतात. कागदपत्रांसकट बजेट सहा लाख. तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत:

ब्रेझा डिझेल, २०१८, ८१ हजार किमी, लातूरच्याच एका डीलरकडं, ५ लाख ६० हजार म्हणतोय.
नेक्सॉन पेट्रोल, २०१९, ४४ हजार किमी, नांदेडला एका बँकवाल्यांची, ५ लाख ४० हजार.
इकोस्पोर्ट डिझेल, २०१७, ओळखीतली, ४ लाख ३०.

मिस्टर म्हणतात ब्रेझा, भाऊ म्हणतो नेक्सॉन. चालवणार मी, पण मला कुणी विचारलेलं नाही.

हिशोबी_परभणीकर | ९ डिसेंबर, रात्री ९:४८

ताई, आधी रनिंग धरा. शाळेचे २२ दिवस म्हणजे १२०० किमी, गावी जाणं-येणं २००. महिन्याला १४००.

डिझेल ब्रेझा १८ देईल असं धरू. ७८ लिटर, ९२ च्या भावानं सव्वासात हजारांच्या आत. टर्बो पेट्रोल नेक्सॉन १३ धरू. १०८ लिटर, १०५ च्या भावानं अकरा हजार तीनशे. महिन्याला चार हजारांचा फरक, वर्षाला पन्नास हजाराच्या घरात. पाच वर्षं गाडी वापरली तर अडीच लाख. विषय संपला, डिझेल घ्या.

शोरूमचा_चहा | ९ डिसेंबर, रात्री १०:०५

मी म्हणतो जुनी कशाला? २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. थोडं कर्ज काढा आणि नवी घ्या, दोन-तीन वर्षं तरी निवांत.

तेरणाकाठची | ९ डिसेंबर, रात्री १०:२१

दादा, घराचं कर्ज चालू आहे आणि यंदा सोयाबीन पाण्यात गेलं. कर्ज नको हे एकच आमच्या दोघांचं एकमत आहे, ते मोडायला लावू नका.

हिशोबी_परभणीकर | ९ डिसेंबर, रात्री १०:३०

चहावाले साहेब, नवी नाही म्हटलं तरी तुमचा मुद्दा कामाचा आहे. नव्या नेक्सॉनवरचा कर सेससकट पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ होता, तो १८ झाला. नवी उतरली की जुनी पण उतरायला पाहिजे. विकणारे अजून सप्टेंबरच्या आधीचा भाव धरून बसलेत. नांदेडवाल्यांना हे तोंडावर सांगा, ५ लाख ४० काही लोखंडी आकडा नाही. ब्रेझाला मात्र हा मुद्दा तितका चालणार नाही. नव्या पेट्रोल ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळं ती ४५ वरून ४० वरच आली, आणि डिझेल ब्रेझा तर नवी मिळतच नाही.

पाना_पक्कड | ९ डिसेंबर, रात्री ११:१५

उदगीर भागात गॅरेज आहे माझं, आत्ता शटर ओढून बसलो म्हणून उशीर.

ताई, तीन्हीबद्दल थोडं थोडं सांगतो. ब्रेझा २०१६ ला आली तेव्हा फक्त डिझेलच होती, १.३ लिटरचं ९० पीएसचं इंजिन. तेच इंजिन स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये. आमच्याकडं टॅक्सीच्या डिझायर पाच-पाच लाख किलोमीटर पळलेल्या येतात. कुठल्याबी तालुक्याला जावा, तिथल्या फिटरला ते डोळे झाकून खोलता येतंय. टायमिंगला चेन आहे, बेल्ट नाही. एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचा नवा कडक नियम, लागू झाला तशी मारुतीनं डिझेल बंदच केली, पण पार्टाची काळजी नको. आणखी एक, २०१८ ची गाडी बीएस-४ आहे, म्हणून डीपीएफची, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळी धरणाऱ्या जाळीची, कटकट नाही. ज्यांचं रनिंग गावातल्या गावात चार-चार किलोमीटरचं हाय त्यांनी बीएस-६ डिझेल घेताना दहादा विचार करावा. सायलेन्सरमधली ती जाळी गरम झाल्याशिवाय साफ होत नाही.

नेक्सॉन पेट्रोल १.२ टर्बो. बॉडी दणकट, २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच स्टार मिळाले. ब्रेझाला चार आहेत, ती पण काही पत्र्याचा डबा नाही. मायलेज हिशोबी साहेब म्हणतात तसंच, पायावर अवलंबून.

इकोस्पोर्ट चालवायला लई गोड. पण फोर्डनं सप्टेंबर २०२१ ला भारतात गाड्या बनवणं बंद केल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस चालू ठेवली, पण पार्ट मागवावा लागतो आणि वाट बघावी लागते. डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला ह्याची पावती नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. रोज शाळेला पोचायचंय तुम्हाला. ही मी खाली ठेवली असती.

देगलूर_नाका | १० डिसेंबर, सकाळी ७:०२

हैदराबादला बघा की. सीमेवरची आम्ही सगळी माणसं तिकडंच बघतो, गाड्या टापटीप आणि साठ-सत्तर हजारानं स्वस्त.

बिंदुसरा | १० डिसेंबर, सकाळी ७:४०

बघा आणि मग माझ्यासारखं बसा. मी आणली होती तेलंगणा पासिंगची. तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, मग इथं परत नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा. तिथं भरलेला टॅक्स परत मागायचा तर अर्ज, खेटे आणि देवावर भरवसा. गाडी दारात, नंबर परराज्याचा, प्रत्येक नाक्यावर हात आडवा. जे सत्तर हजार वाचले ते कुठं गेले मला कळलंच नाही. दिल्लीच्या डिझेल गाड्यांचंही तेच. तिकडं दहा वर्षांची झाली की रस्त्यावर चालवायला बंदी होती, म्हणून इकडं यायला लागली. स्वस्त दिसते ती ह्याच्यामुळं.

महाराष्ट्रातलीच घ्या. नांदेडची एमएच-२६ लातूरच्या एमएच-२४ ला आली तरी नंबर तोच राहतो.

देगलूर_नाका | १० डिसेंबर, सकाळी ७:४४

तुमचा एजंट कच्चा होता भाऊ.

बिंदुसरा | १० डिसेंबर, सकाळी ७:५१

एजंट देगलूरचाच होता.

गोदाकाठ_४४ | १० डिसेंबर, सकाळी ११:३०

डिझेल-डिझेल करणाऱ्यांनी खर्चाची दुसरी बाजू पण लिहावी. माझी जुनी डिझेल (कंपनी सांगत नाही, धाग्यात भांडणं नकोत) ९५ हजाराला टर्बो गेला, त्याच्या पाठोपाठ इंजेक्टर. एका महिन्यात वर्षभराची बचत फिटरच्या खिशात. हिशोबी साहेबांचे अडीच लाख खरे, पण त्यातून हे वजा करून लिहा.

हिशोबी_परभणीकर | १० डिसेंबर, दुपारी १२:१०

वजा केलं. क्लच, टर्बो, इंजेक्टर मिळून एक लाख धरले तरी दीड लाख उरतात.

गोदाकाठ_४४ | १० डिसेंबर, दुपारी १२:१३

तुमच्या वहीत गाडी कधी बंद पडतच नाही राव.

सीनेचा_पूर | १० डिसेंबर, रात्री ८:३५

पेट्रोल-डिझेलवर सगळे बोलायलेत, पण यंदाच्या साली मराठवाड्यात जुनी गाडी घ्यायची तर पहिला प्रश्न हा आहे, की २०२५ च्या सप्टेंबरात ती गाडी कुठं उभी होती?

मी परंडा तालुक्यातला. आमच्याकडं सीना काय आली ते पेपरात, मोबाईलवर सगळ्यांनी बघितलं. भूम-परंडा, बीड, खाली मांजरा-तेरणाकाठ, नांदेडला गोदावरी. जनावरं वाहून गेली, मातीसकट रानं गेली, तिथं गाड्यांचं कोण विचारतो. पण गाड्या बुडाल्या. माझ्या चुलत्याची गाडी दारात उभी होती, रात्रीत स्टेअरिंगपर्यंत पाणी. सकाळी पाणी उतरल्यावर चुलतभावानं घाईत सेल्फ मारला. तिथंच चुकलं, इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनीनं टोटल लॉस धरला, पैसे दिले, गाडी भंगारच्या भावानं उचलून नेली.

नोव्हेंबरच्या शेवटी मीच मोबाईलवर गाड्या चाळत होतो आणि तीच गाडी दिसली. नंबर पुसलेला होता, पण मागच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात तुळजाभवानीचं अर्धं फाटलेलं स्टिकर. ते आम्हीच फाडलं होतं, दिवाळीत नवीन लावायचं म्हणून. पॉलिश, नवे सीट कव्हर, खाली लिहिलेलं 'डॉक्टर की गाडी, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल'. खोटं नाही म्हणा, अ‍ॅक्सिडेंट झालाच नव्हता.

चुलत्याला दाखवलं नाही.

सरकारच्या 'वाहन' साइटवर आरसी बघाल तर सगळं चोख दिसेल. पाणी शिरलं होतं असं तिथं कुठं लिहिलेलं नसतं. म्हणून गेल्या दोन वर्षांच्या विमा पॉलिसी मागून घ्या, आणि क्लेम होता का हे त्या विमा कंपनीला विचारा.

पाना_पक्कड | १० डिसेंबर, रात्री ११:४०

ह्यांनी बरोबर नस धरली. दिवाळीपासून माझ्याकडंच अशा चार आल्यात, 'अधूनमधून लाईट लागतंय, काच खाली होत नाही' म्हणून. बुडालेली गाडी लगेच मरत नाही. वायरिंगच्या सॉकेटात हिरवा गंज धरतो आणि सहा-आठ महिन्यांनी एकेक अवयव सोडते.

ताई, ब्रेझा बघायला जाताना एवढं करा. सकाळी सांगून जायचं की गाडी चालू करून ठेवू नका, आणि गेल्या गेल्या बोनेटला हात लावायचा. कोमट लागलं तर कुणीतरी आधीच चालू केली, थंड इंजिन कसं उठतंय ते तुम्हाला दिसू द्यायचं नव्हतं. ऑईल टाकायचं झाकण उघडा, आतून पांढरी साय धरलीय का बघा. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढायचा. धुणारे वरचा दोन हात बेल्ट धुतात, आत गुंडाळलेला तसाच राहतो. सीट मागंपुढं करून खालच्या पट्ट्यांवर गंज बघा. आणि डिकीतली स्टेपनी काढा. बघायची नाही, काढायची. स्टेपनीखालचा खळगा कुणी धूत नाही.

टायरवर चार आकडी नंबर असतोय, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २०१८ च्या गाडीला अजून १८ चेच टायर असले तर वीस-पंचवीस हजार बाजूला काढून ठेवा. समृद्धीवर जायचा विचार असेल तर तसले टायर घेऊन चढूच नका.

तेरणाकाठची | १४ डिसेंबर, रात्री ९:५५

आज रविवार, ब्रेझा बघून आलो. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यातल्या दोघांचे उपकार आहेत.

डीलरनं खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. गाडी पांढरी, आरशासारखी. दार उघडलं की मोगऱ्याचा इतका वास की मिस्टरांना शिंका सुरू. बोनेट थंड होतं. चालू झाली, आवाज चांगला, धूर नाही. मिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे 'झालं की'. तो डीलर त्यांच्याशीच बोलत होता. मायलेज त्यांना सांगायला, किंमत त्यांना सांगायला, आणि मला म्हणाला, मॅडम कलर आवडला ना?

मी मागच्या सीटवर बसले आणि बेल्ट ओढायला लागले. हातभर आला, स्वच्छ. आणखी ओढला, स्वच्छ. शेवटचा वीतभर आला तो कडक होता, घडी घातलेल्या पुठ्ठ्यासारखा, आणि त्याच्यावर सरळ रेघ. रेघेच्या खाली करडा रंग. बोटानं खरवडलं तर नखात माती आली. आपल्या रानातली, ओळखू येते ना आपल्याला ती.

मग म्हटलं स्टेपनी काढून दाखवा. तो म्हणाला, मॅडम स्टेपनी नवीकोरी आहे. म्हटलं, काढा. पोरानं काढली. खाली खळग्यात गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, तळं आटल्यावर पडतात तशा. आणि त्या गाळात रुतलेला सोयाबीनच्या शेंगेचा एक टरफल.

कुणी काही बोललं नाही. डीलरनं पोराला विचारलं, 'अरे, सर्व्हिसिंगला दिली होती ना?' चहा आला होता, तो आम्ही पिऊन आलो. चहाचा काय दोष.

येताना मिस्टर दहा मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, नांदेडला कधी जायचं?

सीनेचा_पूर | १४ डिसेंबर, रात्री १०:०२

त्या टरफलाचा फोटो काढायचा होता ताई.

पाना_पक्कड | १४ डिसेंबर, रात्री ११:२०

ताई, गॅरेजला या, नोकरी देतो.

नांदेडची पण अशीच तपासा हं. गोदावरी तिथंच आहे.

बिंदुसरा | १५ डिसेंबर, सकाळी ८:१५

कागदांचं सांगतो, कारण तिथं मी पोळलोय. बँकवाल्यांची गाडी म्हणजे गाडीवर कर्ज असणारच. आरसीवर हायपोथिकेशन (एचपी), म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, दिसतंय का बघा. कर्ज फिटलं असलं तरी नोंद आपोआप जात नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ दिल्यावर जाते. ते झाल्याशिवाय इसारापलीकडं पैसे देऊ नका, आणि इसाराची पावती घ्या.

विकणाऱ्याची सूचना म्हणजे फॉर्म २९ आणि नाव चढवायचा अर्ज म्हणजे फॉर्म ३०. आपल्याकडं वाईट खोड आहे, कोऱ्या २९-३० वर सह्या घेऊन ठेवायच्या आणि गाडी तशीच फिरवायची. विकणाऱ्यालाच ते जास्त महागात जातं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच सांगितलंय की नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून तोच. नांदेडवाल्यांना हे सांगा, स्वतःच घाई करतील. घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

गाडी २०१९ ची आहे ना? नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असली तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा. नसली तर आरटीओत काम अडतं. ई-चलान पण बघून घ्या.

हिशोबी_परभणीकर | १५ डिसेंबर, सकाळी ९:३०

आणि विमा. १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडं येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग अर्ज केल्याशिवाय येत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो जुन्या मालकाकडंच राहील आणि फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. ते तीन-चार हजार आताच हिशोबात धरा.

डिझेल हातची गेली ह्याचं मला वाईट वाटतंय.

गोदाकाठ_४४ | १५ डिसेंबर, सकाळी ९:३४

गेली कशानं, वाहून गेली.

तेरणाकाठची | २२ डिसेंबर, रात्री १०:४०

नेक्सॉन घेतली. ५ लाख ५ हजार.

काल नांदेडला गेलो. गाडी अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये असते, नदीपासून लांब. तरी बेल्ट ओढला, स्टेपनी काढली. खाली एक क्रिकेटचा टेनिस बॉल आणि धूळ. काका हसत होते, म्हणाले बॉल तीन वर्षांपासून शोधतोय नातू. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला, तारखेनं लावलेल्या, बँकेतली सवय. शेवटच्या पावतीवर ४१ हजार किमी, म्हणजे मीटर मागं फिरवलेलं नाही. टायर २०२३ चे.

जीएसटीचा मुद्दा काढला तर काकांनीच कागद-पेन घेतलं आणि स्वतःच पंचवीस हजार खाली आले. उरलेले दहा एचपीचे. कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं, आणि जुनी एनओसी आता चालत नाही म्हणून नवीन काढावी लागेल. ते पळापळ करणार, पण तोपर्यंत मी थांबायचं म्हणून दहा कमी. आत्ता फक्त एकवीस हजार इसार दिलाय, पावतीसकट. दोन ई-चलान निघाली, ती त्यांनी माझ्यासमोर भरली. एक सुनेच्या नावानं फाडलेलं, त्यावरून घरात थोडं झालं.

येताना मी चालवून बघितली, नांदेड ते काकांच्या ओळखीच्या पंपापर्यंत आणि परत. क्लच मऊ आहे. सुरुवातीला जरा सुस्त, मग एकदम ओढते, त्याची सवय करावी लागेल.

पाना_पक्कड | २२ डिसेंबर, रात्री ११:३०

टर्बोची सवय आहे ती. आणि रोज अप-डाऊन झाल्यावर चावी लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट चालू राहू द्या, मग बंद. ऑईल वेळेवर. बाकी काही मागत नाही ती.

शोरूमचा_चहा | २३ डिसेंबर, सकाळी ८:००

अभिनंदन. पेढे?

तेरणाकाठची | १७ जानेवारी २०२६, रात्री ८:२०

एचपी निघालं, पैसे दिले, गाडी घरी आली. नाव चढवायचा अर्ज गेला, विमा माझ्या नावावर झाला. हिशोबी काका, फरक ३,८०० भरला, तुमचा अंदाज बरोबर.

संक्रांतीला सासऱ्यांना घेऊन औशाला गेलो. दार उघडलं, ते पाठ करून सीटवर टेकले, पाय आत घेतले. कुणाला हात लावावा लागला नाही. औशापर्यंत काही बोलले नाहीत, खिडकीतून हरभरा बघत होते. मग मला म्हणाले, 'सूनबाई, स्टेपनी काढून बघितलीस ना?'

ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली, त्याचा तपास चालू आहे. मिस्टर नाही म्हणतात.